तरणतलावाची पाटी

काकांच्या दुकानातला संगणक रोज साधारण साडेदहाला सांगायचा की आता माझ्याच्याने होत नाही. त्याचे शब्द वेगळे असायचे, “पुरेशी मेमरी नाही, काही प्रोग्राम बंद करून पुन्हा प्रयत्न करा,” पण सूर तोच. काका सांगितलेलं ऐकणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी रेडिओ बंद केला. दुसऱ्या दिवशी पंखा. तिसऱ्या दिवशी आत जाऊन काकूला म्हणाले, “तुझा मिक्सर जरा राहू दे, त्याला जड जातंय.” काकूने मिक्सर ठेवला आणि मला फोन लावला.

“इंजिनिअर, ये बाबा. आता माझा श्वास तेवढा चालू आहे, उद्या तोही बंद कर म्हणतील.”

मी इंजिनिअर नाही. तीन सेमिस्टर होतो. पण आमच्या घराण्यात बाकी सगळे दगडातले, त्यामुळे तीन सेमिस्टर म्हणजे डोक्यावरून पाणी. कुणाचाही फोन बंद पडला, घड्याळ मागे पडलं, नळ गळला, की मला बोलावतात.

काकांचं दुकान म्हणजे पुढची खोली. मागच्या खोलीत ते दोघं राहतात. पुढे दगडावर अक्षरं कोरली जातात. दारावरच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला, बागेतल्या बाकांवरची नावं, कुणी गेलं तर त्याचा दगड. मधोमध एक लोखंडी चौकट आहे, तिच्यात हिऱ्याचं टोक लावलेला एक हात दात कोरणाऱ्या डॉक्टरसारखा आवाज करत फिरतो आणि वरून पाण्याचा थेंब-थेंब पडत राहतो. हा हात फक्त त्या जुन्या संगणकाचं ऐकतो. दोघांच्या मधली केबल मनगटाएवढी जाड, टोकाला पंचवीस पिना. नव्या संगणकांना असलं भोकच नसतं. म्हणजे संगणक गेला की मशीन गेलं, मशीन गेलं की दुकान गेलं.

“काय बिघडलंय?” मी विचारलं.

“बिघडलेलं काही नाही,” काका म्हणाले. “ह्याला पाटी मोठी झालीय.”

पाटी तरणतलावाची होती. नव्या तलावाचं उद्घाटन बारा दिवसांवर आलं होतं. तलाव समितीचे सचिव पहिल्यांदा आले तेव्हा पाटीवर अकरा नावं होती. मग उपाध्यक्षांना कळलं की सहउपाध्यक्षांचं नाव आहे. मग मार्गदर्शक आले, विशेष मार्गदर्शक आले, आणि एक गृहस्थ असे आले की ज्यांचा हुद्दा समितीलाही सांगता येईना, त्यांना ‘सदैव उपस्थित’ असं लिहायचं ठरलं. आकडा त्रेसष्टवर थांबला. त्रेसष्टांपैकी पोहता येणारा एकच, आणि तो तलावात अजून पाणी नाही म्हणून रुसून बसलेला.

“दोन भागांत कोरा ना,” मी म्हणालो. “आधी वरचं, मग खालचं.”

काकांनी माझ्याकडे तिसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षकांनी बघितलं होतं तसं बघितलं.

“मशीन एकदा थांबवून परत सुरू केलं की बोटभर सरकतं. एकदा करून बघितलंय. एका दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव भेटीच्या वेळेवर बसलं. अजून तसंच आहे. लोक त्यांना सकाळी दहा ते एक म्हणतात.”

म्हणजे सगळी पाटी एकाच फाइलीत हवी. मी फाइल उघडली आणि मला रोगाचं मूळ दिसलं. काका फॉन्ट वापरत नव्हते. प्रत्येक अक्षर एक चित्र होतं, आणि चित्र म्हणजे केवढं, तर दगडाचा कणन् कण दिसेल एवढं.

ही अक्षरं माझ्या आजोबांची. आजोबा छिन्नीने कोरायचे. गावातल्या निम्म्या जुन्या इमारतींवर त्यांचा हात आहे. काकाही पंचवीस वर्षं छिन्नीच चालवत होते, पण या धंद्यात हादऱ्यांनी बोटं बधिर होतात. आधी गार वाटत नाही, मग गरम वाटत नाही, मग काहीच वाटत नाही. काकांच्या दोन्ही हातांच्या बोटांची टोकं मेली तेव्हा त्यांनी मशीन आणलं. मशीनबरोबर अक्षरांची एक तबकडी मिळाली होती. ती त्यांनी एकदाच लावून बघितली आणि तिच्यावर डिंकाची बाटली ठेवायला लागले. मग तीन वर्षं दर सुट्टीला कागद आणि मऊ पेन्सिल घेऊन ते गावभर फिरले. आजोबांच्या पाटीवर कागद लावायचा, पेन्सिल घासायची, ठसा घ्यायचा, घरी येऊन तो स्कॅन करायचा. दोन हजार तीनशे सतरा चित्रं. त्यात एकट्या ‘र’चे एकेचाळीस नमुने, कारण आजोबांनी एक र दुसऱ्यासारखा कधी काढला नाही. ओळीच्या शेवटचा र शेपूट जरा लांब सोडायचा, गर्दीतला अंग चोरायचा. पाटी करायची म्हणजे काका एकेक अक्षर बघून, निवडून, माऊसने उचलून जागेवर ठेवायचे. छोट्या पाटीला चाळीस-पन्नास अक्षरं, संगणक कुरकुर करत का होईना पेलायचा. इथे नऊशे होती.

“काका, एकच र वापरू. मेमरी वाचेल.”

“चाळीस भाऊ उपाशी ठेवून एकालाच वाढायचं?”

“दगडाला काय कळतंय?”

“दगडाला कळतं,” काका म्हणाले. “माणसांचं मला माहीत नाही.”

मग खिडकीतून समोर बोट दाखवलं. समोर लेझरवाल्याचं दुकान आहे. काचेचं दार, आत थंड हवा, पाटी अर्ध्या तासात. “त्याच्याकडे बारा फॉन्ट आहेत. बारा! त्यातल्या एकाचं नाव काय, तर प्रसन्न-दोन. आधीचा प्रसन्न काय मेला? ही पाटी इथून गेली नाही तर सचिव तिकडे जाणार. एकदा समिती गेली की शाळा जाईल, शाळा गेली की सगळं गाव. मग माझं शटर खाली, आणि ही अक्षरं ह्या डब्यात. कोण वापरणार ती? तू?”

मी कामाला लागलो.

पहिल्या दिवशी खरी मेमरीच वाढवायची ठरवलं. दुरुस्तीवाल्याने आमची मेमरीची पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि आत बायकोला दाखवायला घेऊन गेला. बाहेर आला तो म्हणाला, “ह्या जातीची आता निघत नाही. भंगारात बघा.” भंगारात एक सापडली. मी तिचे दात खोडरबरने घासून लख्ख केले, खाचेत बसवली, आणि संगणक तीनदा पीं-पीं-पीं करून मुका झाला. काढली तेव्हा परत बोलायला लागला. वैद्य बदलून गुण येईल असा तो रोगी नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाठीमागे चालणारे फालतू प्रोग्राम बंद केले. एक व्हायरस-रक्षक होता. त्याची मुदत नऊ वर्षांपूर्वी संपली होती, पण बिचारा रोज सकाळी हजेरी लावत होता. पडद्यावर पोहणारे मासे होते. ते बंद केल्यावर काकू म्हणाली, “तेवढेच एक ह्या घरात मजेत होते.” मासे गेले, रक्षक गेला, आणि साडेदहाचा निरोप पावणेअकराला आला.

तिसऱ्या दिवशी मी अक्कल चालवली. मेमरी कमी पडली की संगणक डिस्कवरची थोडी जागा उसनी वापरतो. ती जागा वाढवायची. पण डिस्क तुडुंब भरलेली. मी शोधलं तर ‘अक्षरे’ नावाचा एक फोल्डर आणि ‘अक्षरे शेवटचे खरे’ नावाचा दुसरा. दोन्हींत तीच दोन हजार तीनशे सतरा चित्रं.

“हे दोनदा कशाला?”

“एक हरवलं तर असावं म्हणून.”

“एकाच डिस्कवर? घराला आग लागली तर दुसरी छत्री कामाला येते का?”

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. काका म्हणाले, “तू शिकलेला, तू बघ.” मी दुसरा फोल्डर पुसला. मोकळी झालेली सगळी जागा संगणकाला बहाल केली. त्याने ती ताबडतोब गिळली. निरोप आता सव्वाबाराला यायला लागला, नऊशेपैकी सातशे अक्षरं चढल्यावर.

चौथ्या दिवशी सचिव चक्कर टाकून गेले. हातात फाइल, बगलेत दुसरी फाइल. “होतंय ना? नाहीतर समोरचे म्हणाले, ते एका दिवसात देतात. मी आपलं सांगून ठेवलं. तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच सांगितलं.”

ते गेल्यावर काकू म्हणाली, “विश्वास आहे तर ह्यांची दुसरी फाइल कसली?”

“समोरच्याची,” काका म्हणाले.

त्या दुपारी मी चित्रं लहान करायचं ठरवलं. खरं तर हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, आणि खरं तर कधीच सुचायला नको होतं. एक फुकटचा प्रोग्राम मिळाला. एका फटक्यात हवी तेवढी चित्रं बारीक करायचा. पडद्यावर अक्षर नखाएवढं दिसतं, मग नखाएवढंच ठेवू, एवढं माझं गणित. प्रोग्रामने विचारलं, जुन्या फाइलीवरच लिहू का? खाली तीन बटणं: होय, नाही, सगळ्यांना होय. दोन हजार तीनशे सतरा वेळा होय म्हणायला मी काय मुंडावळ्या बांधून बसलो होतो? सगळ्यांना होय.

चार मिनिटं लागली.

पाटीची फाइल उघडली. नऊशेच्या नऊशे अक्षरं चढली. साडेदहा वाजले, पावणेअकरा वाजले, सव्वाबारा वाजले. निरोप नाही. काकांनी चष्मा लावून पडद्याला नाक टेकवलं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

“तसंच दिसतंय की रे.”

“तसंच आहे.”

“पोरात दम आहे,” काका काकूला म्हणाले. काकूने मिक्सर लावला. काकांनी रेडिओ लावला, पंखा लावला. एवढा आवाज त्या घरात कित्येक दिवसांत झाला नव्हता.

मशीन दोन दिवस न थांबता चाललं. कोरताना दगडावर काळपट गाळ साचतो, त्यामुळे मधे काही दिसत नाही. सगळं झालं की धुवायचं आणि मग बघायचं. दुसऱ्या संध्याकाळी हात थांबला. काकांनी बादली घेतली, काकूने फडकं घेतलं, मी बाजूला उभा राहिलो, कौतुक करून घ्यायला.

पाणी पडलं आणि अक्षरं दिसली.

त्यांच्या वळणांना पायऱ्या होत्या. ‘त’चा गोल काही गोल नव्हता. कुणी विटा रचून काढावा तसा तो खाली उतरत होता. ‘र’ची शेपटी जिना झाली होती. पडद्यावर नखाएवढं असलेलं चित्र दगडावर दोन बोटं उंच झालं होतं, आणि मधे भरायला त्याच्याकडे काही उरलेलं नव्हतं. सगळेच्या सगळे तसे. ‘सदैव उपस्थित’ तर अख्खं बांधकाम सुरू असल्यासारखं दिसत होतं.

काकांनी ‘त’वरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे वळले.

“मला काही लागत नाही. तुला लागतंय का रे हाताला?”

मी बोट फिरवलं. करवतीवरून फिरवल्यासारखं झालं.

“थोडं.”

“थोडं म्हणजे?”

“लागतंय, काका.”

काकूने फडकं पिळलं. “मूळची आहेत ना? ती घाल आणि दुसऱ्या दगडावर कोर.”

मूळची नव्हती. मी आत जाऊन पुसलेला फोल्डर परत मिळवायचा प्रयत्न केला. पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम असतो. त्याने तास घेतला आणि तीन फाइली आणल्या. दोन कोऱ्या, तिसऱ्यात अर्धा ‘ळ’. बाकी जागेवर संगणकाने आपली उसनी मेमरी लिहून काढली होती, तीच, मी त्याला मोठ्या मनाने दिलेली. दोन्ही वेळा मी योग्य तेच केलं होतं. दोन्ही मिळून काय झालं ते बाहेर ओलं पडलं होतं.

“पेन्सिलीचे ठसे कुठे आहेत?” मी विचारलं. “कागद?”

“स्कॅन झाले होते ना,” काका म्हणाले. “मग पाट्या गुंडाळायला वापरले. चांगला जाड कागद होता.”

म्हणजे आजोबांची अक्षरं गिऱ्हाइकांच्या घरी गेली होती आणि त्यांनी ती फाडून फेकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नवे कागद घेतले, पेन्सिल घेतली, म्हणाले, “चल.” तीन वर्षांचं काम सहा दिवसांत परत करायचं होतं. मी चप्पल घातली. त्या घरात माझ्या बोलण्याचे दिवस संपले होते.

जुन्या बँकेच्या पाटीवर रंगाचे सात हात चढले होते. कागद घासला तर एक ढगाळ दिवस उमटला. शाळेच्या पाटीच्या बरोबर मधोमध वातानुकूलन यंत्र ठोकलेलं, दोन्ही बाजूंना एकेक काना डोकावत होता. दवाखान्याच्या भिंतीला नव्या फरशा बसवल्या होत्या. पहारेकऱ्याने सांगितलं, पाटी काढलेली नाही, आतच आहे. “काळजी करू नका,” तो म्हणाला, “कुठे जात नाही ती आता.” पोस्टाची इमारत पाडून तिथे वाहनतळ झाला होता. काकांनी तिथेही थोडा वेळ कागद धरून ठेवला, मग त्याची घडी केली.

संध्याकाळी हिशेब केला तर आमच्याकडे एक पूर्ण ‘ठ’ आला होता.

“ठ छान आलाय,” मी म्हणालो.

“हो,” काका म्हणाले. “पण त्रेसष्टांत ठ कुणाच्याच नावात नाही.”

त्यानंतर ते बाहेर पडले नाहीत. पाटीसमोर पाट टाकून बसले. काडीला पॉलिश पेपर गुंडाळला, एक बारीक कानस घेतली, आणि सगळ्यात वरच्या ओळीतल्या ‘तरणतलाव’ शब्दाचा पहिला त घासायला लागले. बोटांना कळत नव्हतं, म्हणून चार वेळा घासायचं आणि काकूला हाक मारायची. ती हात पुसत यायची, बोट फिरवायची, “इथे अजून आहे” म्हणायची, जायची. परत चार वेळा. मी विचारलं, मी फिरवू का बोट? काका म्हणाले, “तू राहू दे.” रागावून नाही. मिक्सर राहू दे म्हणाले होते तसंच.

त्या एका ‘त’ला अडीच दिवस लागले. पण झाला. त्याची रेघ वरून जाड उतरायची, पोटाशी वळायची आणि टोकाला अशी निमुळती व्हायची की संपली कुठे ते सांगता येऊ नये. मी आजोबांना पाहिलेलं नाही. एवढा एक त पाहिला.

उरलेली आठशे नव्याण्णव अक्षरं तशीच राहिली आणि वेळ संपला.

सचिव सकाळीच आले. बरोबर पाटी उचलायला चार माणसं. काका उभे राहिले, हात पाठीमागे. मला माहीत होतं ते काय म्हणणार आहेत. रात्रभर काकूला म्हणून दाखवत होते: पाटी बिघडलीय, चूक आमची आहे, समोरच्याकडून करून घ्या.

सचिवांनी यादी काढली. एकेक नाव बोटाने टिपत खाली गेले. अध्यक्ष. उपाध्यक्ष. सहउपाध्यक्ष. मार्गदर्शक. ‘सदैव उपस्थित’पाशी थांबून समाधानाने मान हलवली. शेवटी यादी घडी करून खिशात घातली.

“सगळे आहेत. वा!”

“अक्षर बघितलंत?” काकांनी विचारलं.

“बघितलं की. लांबून वाचता येतंय. आणि हे कोपरे-कोपरे छान काढलेत हो तुम्ही, अगदी आजच्या काळातलं वाटतं. मला वाटलं होतं तुम्ही तेच आपलं जुनं गोल-गोल कराल. समोरच्याकडे असलं नाही. कपडे बदलायच्या खोल्यांच्या पाट्याही अशाच करा, आठ आहेत.”

काकांनी पाठीमागचे हात पुढे घेतले. रात्रभर पाठ केलेलं तसंच राहिलं. दुकान वाचलं होतं. मशीन राहणार होतं. संगणकही आता अडत नव्हता, दोन हजार तीनशे सतरा अक्षरं त्याच्या पोटात हलकी झाली होती, कितीही मोठी पाटी द्या.

सचिव निघाले, चौघांनी दगडाला हात घातला, आणि सचिव दारातून परत फिरले. वाकून वरची ओळ बघितली. चष्मा काढला, लावला.

“हे काय झालं?”

“कुठे?”

“हा पहिला त. बाकीचे बघा कसे एकसारखे आहेत, आणि हाच असा... घसरल्यासारखा. अध्यक्षांची नजर नेमकी इथेच जाईल हो. चूक वाटते. तेवढा एक बाकीच्यांसारखा करून द्या, म्हणजे झालं.”

काकू आतल्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हणणार होतो, अहो, तोच तर. पण काकांनी हात वर केला.

“बसा,” ते सचिवांना म्हणाले. “दहा मिनिटं.”

चौघांनी दगड परत ठेवला. काकांनी पाट ओढला, कोपऱ्यातली बारीक छिन्नी काढली, हातोडी काढली. छिन्नी बोटांत नीट धरली गेलीय का ते बघायला त्यांना खाली बघावं लागलं.

“इंजिनिअर,” ते म्हणाले. “त्या दुसऱ्या ‘त’ला पोटापाशी किती पायऱ्या आहेत?”

मी वाकून मोजल्या.

“चौदा.”

“नीट मोज.”

“चौदाच आहेत, काका.”

त्यांनी पहिल्या ‘त’वर छिन्नी टेकवली आणि पहिली पायरी पाडली.